दुसऱ्या भूलतज्ज्ञाच्या केसमध्ये मत देऊ का?

प्रश्न : पत्रलेखिका पुण्यात भूलतज्ज्ञ आहेत. एका रुग्णालयाला बांधलेल्या नाहीत. कोथरूड, वारजे, सिंहगड रोड भागातल्या चार-पाच नर्सिंग होममध्ये बोलावणं येईल तशा केसेस करतात. महिन्यापूर्वी एका वकिलांनी त्यांच्याकडे एक फाइल आणून दिली. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका छोट्या रुग्णालयात ४६ वर्षांच्या गृहस्थांचं दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ऑपरेशन चाललं होतं. पोटात गॅस भरल्यावर थोड्याच वेळात हृदय बंद पडलं. ते पुन्हा सुरू झालं, पण पेशंट शुद्धीवर आला नाही आणि नवव्या दिवशी आयसीयूमध्ये वारला. भुलेच्या चार्टप्रमाणे श्वासाची नळी १०.५५ ला घातली, गॅस ११.१० ला सुरू झाला, हृदय बंद पडलं (अरेस्ट) ११.२५ ला. नर्सच्या नोंदीत मात्र गॅस ११.०० ला आणि 'पेशंट निळा पडला' ११.०८ ला. चार्टवर दर पाच मिनिटांनी १२०/८० आणि सॅच्युरेशन ९९. बाहेर पडणाऱ्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा (तो कॅप्नोग्राफ हे यंत्र मोजतं) रकाना कोरा. घरच्यांना ग्राहक आयोगात जायचं आहे आणि दोन वर्षांची मुदत संपत आली आहे. वकिलांना आठ दिवसांत मत हवं आहे, त्यात 'घोर निष्काळजीपणामुळेच मृत्यू' हे शब्द हवे आहेत. फी निम्मी आता, निम्मी निकालानंतर. त्या लिहितात : "मी अशी केस कॅप्नोग्राफशिवाय घेतलीच नसती. पण ते डॉक्टर आमच्या संघटनेच्या बैठकांना भेटतात. नवरा म्हणतो, आपल्याच माणसाच्या विरोधात उभी राहणार का, उद्या सर्जन बोलावणं बंद करतील. आणि त्या पेशंटच्या बायकोचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही. हो म्हणू की नाही?"

उत्तर :

नमस्कार डॉक्टर,

तुमचं सगळं पत्र एक गोष्ट गृहीत धरून लिहिलं आहे : मत दिलं म्हणजे बाजू घेतली. वकिलांनी तुमच्याकडे बाजूच मागितली आहे, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. कायद्याचं मागणं वेगळं आहे. पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम ४५, आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ३९, एवढंच सांगतं की शास्त्रातल्या मुद्द्यावर न्यायालयाला मत बनवायचं असेल तेव्हा त्या विषयातल्या जाणकाराचं म्हणणं विचारात घेता येतं. रमेशचंद्र अगरवाल विरुद्ध रीजन्सी हॉस्पिटल या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञाचं काम आणखी नेमकं सांगितलं. निष्कर्ष बरोबर आहे की नाही हे न्यायाधीशांना स्वतः तपासता यावं, यासाठी लागणारे शास्त्रीय निकष तज्ज्ञाने पुरवायचे. म्हणजे तुमचा अहवाल असा हवा की तो वाचून आयोगाला तुमच्याशी असहमतही होता यावं.

अशा अहवालाची गरज त्या डॉक्टरांनाही तितकीच आहे. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या २००५ च्या निकालाचा आधार आपण सगळे घेतो. डॉक्टरवर फौजदारी तक्रार चालवण्याआधी दुसऱ्या सक्षम डॉक्टरचं विश्वासार्ह मत हवं, तपास अधिकाऱ्याने त्या शाखेतल्या, शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचं निःपक्षपाती मत घ्यावं, असं त्यात म्हटलं आहे. हे संरक्षण कागदावरच राहणार, जर मत द्यायला भूलतज्ज्ञ पुढेच आले नाहीत तर. मग अहवाल लिहिणार कोण? सर्जन लिहितील, फिजिशियन लिहितील, न्यायवैद्यक विभागातले डॉक्टर लिहितील. ते आपापल्या विषयात निष्णात असतील. पण कॅप्नोग्राफची रेषा हळूहळू खाली आली की एका क्षणात पडली यातला फरक मृत्यूच्या कारणाबद्दल काय सांगतो, हे त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) पेशंटच्या डोक्याच्या बाजूला उभं राहून पाहिलेलं नसतं. आणि याखेरीज मागेल तसं लिहून देणारेही असतात. तुम्ही नाही म्हणालात तर केस थांबत नाही. ती फाइल पुढच्या दारात जाते.

आता तुमचं वाक्य : "मी अशी केस कॅप्नोग्राफशिवाय घेतलीच नसती." हे मनात असू द्या, अहवालात नको. तुमची सवय हा मापदंड नाही. बोलम या १९५७ च्या इंग्लिश खटल्यापासून आलेली आणि आपल्या न्यायालयांनी स्वीकारलेली कसोटी अशी की, त्या शाखेतल्या जबाबदार आणि जाणत्या डॉक्टरांच्या गटाला ती पद्धत मान्य होती का. सर्वोत्तम भूलतज्ज्ञाने काय केलं असतं हा प्रश्न नाही. पण 'छोट्या हॉस्पिटलात सगळे असंच करतात' हेही पुरेसं उत्तर नाही. मान्य पद्धत तर्काला टिकणारीही असावी लागते.

कॅप्नोग्राफीच्या बाबतीत तुम्ही बऱ्यापैकी ठाम राहू शकता. नळी घालून भूल देताना ती श्वासनलिकेतच आहे याची खात्री कार्बन डायऑक्साइडवरून करावी, हे ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना व भूलतज्ज्ञांचा जागतिक महासंघ यांच्या २०१८ च्या मानकांतही तसा आग्रह आहे. अहवालात या कागदांची ती पानं जोडा, आणि ऑपरेशनच्या तारखेला कोणती आवृत्ती लागू होती ते लिहा. तारखेनंतर आलेलं काहीही वापरू नका. मात्र आधी एक गोष्ट तपासा : रकाना कोरा असणं आणि मॉनिटर नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॉनिटर होता, रेषा दिसत होती, लिहायचं राहिलं, असं होऊ शकतं. त्या रुग्णालयाकडे कॅप्नोग्राफ होता का, तो दुरुस्तीला गेला होता का, खरेदीचं बिल आणि सर्व्हिसची नोंद काय सांगते, हे वकिलांमार्फत लेखी विचारून घ्या. उत्तर येईपर्यंत 'कॅप्नोग्राफ वापरला नाही' हे वाक्य लिहू नका. 'चार्टवर नोंद नाही' एवढंच लिहा.

चार्टबद्दल शंका येणं रास्त आहे, पण तिच्यावरून एक पायरी गाळून पुढे जाऊ नका. सलग १२०/८० आणि ९९ लिहिलेला चार्ट जागच्या जागी लिहिलेला नाही, असं मानायला जागा आहे. खऱ्या माणसाचं प्रेशर नळी घालताना वर जातं, नंतर उतरतं, गॅस भरला की पुन्हा हलतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटातला दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर ठेवतात. त्या वेळी प्रेशर आणि नाडी तसूभर हलली नाही हे पटण्यासारखं नाही. पण यावरून सिद्ध होतं ते एवढंच की चार्ट भरवशाचा नाही. पेशंटकडे लक्ष नव्हतं, हे यातून सिद्ध होत नाही. अरेस्ट चालू असताना दोन्ही हात कामात असतात आणि चार्ट नंतर आठवून भरला जातो, हे आपल्या पेशात सर्वांना ठाऊक आहे. नंतर भरणं गैर नाही. नंतर भरला आहे हे वेळ घालून न लिहिणं गैर आहे. अहवाल लिहायला बसण्याआधी तुमचे स्वतःचे गेल्या महिन्यातले वीस-पंचवीस चार्ट काढून बघा. उलटतपासणीत विरुद्ध बाजूचे वकील हाच प्रश्न विचारतील, आणि उत्तर तुम्हाला आधी माहीत असलेलं बरं.

चार्टवरचा अरेस्ट आणि नर्सच्या नोंदीतलं 'निळा पडला' यांत सतरा मिनिटांचं अंतर आहे. तुमच्या सगळ्या कामाचा गाभा इथे आहे, म्हणून दोन्ही वेळांना समान शंकेने बघा. ओटीतलं भिंतीवरचं घड्याळ, मॉनिटरचं घड्याळ, नर्सच्या हातातलं घड्याळ, कोणाचाही मेळ नसतो. तेव्हा कोणाच्याही आठवणीवर अवलंबून नसलेल्या वेळा गोळा करा. रुग्णालयाच्या खालच्या मेडिकल स्टोअरचं बिल बघा : ॲड्रेनालिन, ॲट्रोपिन अशी तातडीची औषधं, जास्तीच्या सिरिंज ओटीच्या ट्रॉलीत संपल्या की कोणीतरी धावत खाली जातं, आणि बिलावर संगणकाची वेळ छापून येते. ॲम्ब्युलन्सला केलेल्या फोनची नोंद. दुसऱ्या फिजिशियनला बोलावलं असेल तर त्यांच्या मोबाइलवरची वेळ. आयसीयूमध्ये काढलेल्या पहिल्या रक्तवायू तपासणीची मशीनची चिठ्ठी. ती थर्मल कागदावर असते आणि दोन वर्षांत पुसट होते, म्हणून मूळ चिठ्ठीचा चांगला फोटो मागा. भुलेच्या मशीनच्या मॉनिटरची साठवण मर्यादित असते, एव्हाना त्यातलं बहुतेक पुसलं गेलं असेल, तरी लेखी विचारा. 'उपलब्ध नाही' हे उत्तरसुद्धा फाइलमध्ये असायला हवं. या सगळ्या वेळा एका तक्त्यात मांडा : वेळ, घटना, कोणत्या कागदाच्या कोणत्या पानावरून. तीन कागद तीन वेळा सांगत असतील तर तिन्ही लिहा. सरासरी काढू नका.

हा तक्ता झाल्याशिवाय मृत्यूच्या कारणाकडे वळू नका, कारण वेळ बदलली की कारणही बदलतं. तुम्हाला हे येतं, पण आयोगासाठी ते पायरीपायरीने लिहावं लागेल. नळी अन्ननलिकेत गेली असती तर? आधी नीट ऑक्सिजन दिलेल्या निरोगी माणसाचं सॅच्युरेशन श्वास बंद असतानाही काही मिनिटं, कधी सात-आठ मिनिटंही, ९० च्या वर राहू शकतं. नर्सची वेळ खरी धरली तर नळीपासून निळा पडेपर्यंत तेरा मिनिटं होतात. तेव्हा ही शक्यता कमी होते, पण संपत नाही. मध्ये मास्कने पुन्हा श्वास दिला होता का, नळी पुन्हा घातली होती का, हे कळायला हवं. चार्टची वेळ खरी धरली तर तीस मिनिटं होतात आणि ही शक्यता जवळजवळ बाद होते. गॅस भरताना पोटाचा पडदा ताणला जाऊन नाडी एकदम मंदावणं हे दुसरं कारण. ते गॅस सुरू झाल्यावर लगेचच, बहुतेकदा पहिल्या काही मिनिटांत होतं. गॅस बाहेर सोडला आणि ॲट्रोपिन दिलं की बरेचदा सावरतं. म्हणजे इथे सर्जनने गॅस बाहेर कधी सोडला हा प्रश्न भूलतज्ज्ञाइतकाच महत्त्वाचा, आणि तो ऑपरेशनच्या नोटमध्ये शोधा. गॅस रक्तवाहिनीत गेला असेल तर कॅप्नोग्राफवरचा आकडा अचानक पडतो आणि प्रेशर कोसळतं. टेबलाची स्थिती बदलल्यावर नळी एका फुप्फुसात सरकली असेल तर सॅच्युरेशन हळूहळू उतरतं आणि श्वासाचा दाब चढतो. छातीत गॅस शिरला तर एका बाजूचा श्वास ऐकू येत नाही. अँटिबायोटिक किंवा स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाची तीव्र ॲलर्जी असेल तर अंगावरचं पुरळ हिरव्या चादरींखाली झाकलेलं राहतं. अशा ॲलर्जीत रक्तात वाढणारं ट्रिप्टेज त्या वेळी तपासलं होतं का? आणि हृदयाचाच झटका असेल तर शवविच्छेदन काही सांगेल. भुलेतल्या मृत्यूत शवविच्छेदन बरेचदा रिकाम्या हाताने परततं. तपासणीसाठी राखलेल्या अवयवांत (व्हिसेरामध्ये) भुलेचं औषध सापडलं याचा अर्थ एवढाच की ते दिलं होतं.

आयसीयूमधल्या पहिल्या रक्तवायू तपासणीवरही फार भार टाकू नका. हृदय थांबून पुन्हा सुरू झालेल्या कोणाच्याही रक्तात आम्ल आणि लॅक्टेट वाढलेलं असतं. ते अरेस्टचा परिणाम दाखवतं, कारण क्वचितच.

मग या प्रत्येक शक्यतेसमोर लिहा : कागदांतलं काय तिच्या बाजूने, काय विरुद्ध, आणि काय मिळालं तर मत बदलेल. हा शेवटचा रकाना लिहायला मन धजत नाही, पण तोच सगळ्यांत उपयोगी. इंग्लंडमध्ये १९४७ साली एकाच रुग्णालयात एकाच दिवशी पाठीत भूल दिलेल्या दोघांचे पाय कायमचे लुळे पडले. औषधाच्या ॲम्प्यूल फेनॉल या जंतुनाशकाच्या द्रावणात ठेवलेल्या होत्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरांतून फेनॉल आत गेलं, असं स्पष्टीकरण ऑक्सफर्डचे भूलशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी दिलं आणि न्यायालयाने ते स्वीकारलं. १९५४ च्या अपिलात डॉक्टर निर्दोष ठरले, कारण १९४७ मध्ये हा धोका कोणाला ठाऊक नव्हता. १९४७ चा अपघात १९५४ च्या चष्म्यातून बघू नये, हे न्यायमूर्ती डेनिंग यांचं वाक्य त्याच निकालातलं. पुढे कित्येक वर्षांनी भूलशास्त्राच्या अभ्यासकांनी फेनॉलचं स्पष्टीकरणच शंकास्पद ठरवलं. सुया-सिरिंज उकळायच्या भांड्यात राहिलेलं क्षार काढायचं आम्ल हे कारण त्यांना जास्त संभवनीय वाटलं. इतक्या मोठ्या तज्ज्ञाच्या मताचं असं झालं. तुमच्या मतालाही तशी जागा ठेवा.

कमतरता होती का, आणि त्या कमतरतेमुळे मृत्यू झाला का, हे दोन प्रश्न अहवालात दोन वेगळ्या मथळ्यांखाली ठेवा. पुण्यातलाच एक जुना खटला आहे, जोशी विरुद्ध गोडबोले. १९५३ साली मांडीचं हाड मोडलेल्या तरुणाला कोकणातून पुण्यात आणलं. पूर्ण भूल न देता जोर लावून हाड बसवलं का, आणि मृत्यू त्या धक्क्याने झाला की रक्तात चरबीचे कण गेल्याने, यावर वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६८ मध्ये लागला आणि भरपाई ३,००० रुपये कायम झाली. पंधरा वर्षं चाललेल्या त्या वादाचा मोठा भाग 'काय केलं' आणि 'कशाने गेला' या दोन प्रश्नांवरच होता. तुमच्या केसमध्येही कॅप्नोग्राफ नव्हता हे ठरलं, आणि मृत्यू हृदयाच्या झटक्याने झाला असं निघालं, तर पहिल्याचं उत्तर 'होय' आणि दुसऱ्याचं 'नाही' येईल. तसंच लिहावं लागेल. ग्राहक आयोगासमोर पुराव्याची पट्टी दिवाणी आहे : घडलं असण्याची शक्यता न घडण्यापेक्षा जास्त आहे का. 'शंभर टक्के सांगता येत नाही' म्हणून हात झटकायचे नाहीत, आणि 'शक्य आहे' याला 'झालंच' म्हणायचं नाही.

यामुळेच 'घोर निष्काळजीपणा' हे शब्द तुमच्या अहवालात येता कामा नयेत. तो कायद्याचा निष्कर्ष आहे, फौजदारी कायद्याच्या भाषेतला. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तो काढायचा अधिकार न्यायालयाचा. तुम्ही विशेषण न वापरता मोजता येईल असं लिहा. इंग्लंडच्या ॲडोमॅको खटल्यात भूलतज्ज्ञावरच आरोप होता : डोळ्याच्या ऑपरेशनमध्ये श्वासाची नळी सुटली आणि ते लक्षात आलं नाही. एका तज्ज्ञाने काळजीचा दर्जा अत्यंत हीन होता असं सांगितलं. दुसऱ्याने सांगितलं की सक्षम भूलतज्ज्ञाला नळी सुटल्याचं पंधरा सेकंदांत कळायला हवं होतं. पहिलं वाक्य राग व्यक्त करतं. दुसरं तपासता येतं, खोडता येतं, आणि म्हणून न्यायाधीशांच्या कामाला येतं.

हो की नाही, याकडे आता येऊ. सरळ नाही म्हणावं अशा काही परिस्थिती आहेत. त्या डॉक्टरांशी तुमचा पैशाचा, भागीदारीचा किंवा भांडणाचा संबंध असेल तर. त्या रुग्णालयात तुम्ही काम केलं असेल किंवा तिथे जागा मिळवण्याच्या प्रयत्नात असाल तर. अशा केसेस तुम्ही नियमित करत नसाल तर. वर्षानुवर्षं फक्त सिझेरियन करणाऱ्या भूलतज्ज्ञाने दुर्बिणीच्या ऑपरेशनवर मत देऊ नये. संघटनेच्या बैठकीत भेट होते, एवढं कारण पुरेसं नाही. पुण्यात आपापसात ओळख नसलेले भूलतज्ज्ञ शोधायचे म्हटले तर कोणीच उरणार नाही. ओळख आहे हे अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहा. आणि त्या पेशंटच्या पत्नीचा चेहरा डोळ्यांसमोर येतो म्हणून हो म्हणणार असाल, तर तेही थांबा. तुमची कणव खरी आहे. पण त्या बाईंना तुमच्याकडून हवं आहे ते नवऱ्याला काय झालं याचं उत्तर, आणि ते कणवेतून मिळत नाही.

माझ्या मते तुम्ही हो म्हणावं, पण वकिलांनी मागितलेल्या गोष्टीला नाही. आधी फक्त फाइल वाचण्याचं काम घ्या. पूर्ण फाइल : भुलेपूर्व तपासणी, संमतीपत्र, चार्ट, ऑपरेशनची नोट, नर्सच्या नोंदी, आयसीयूचे सगळे कागद, बिलं, शवविच्छेदन. मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावेत, असा २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे. रुग्णालयाने ते तीन वर्षं सांभाळायचे असतात, म्हणून आताच मागा. निकालावर अवलंबून फी अजिबात घेऊ नका. फी वेळेची, आगाऊ, बँकेतून, आणि अहवालात तिचा उल्लेख. निकालाशी जोडलेली फी उघड झाली की तुमचं प्रत्येक वाक्य निरुपयोगी होतं.

आठ दिवसांची घाई तुमची नाही. मुदत संपत असेल तर वकिलांनी तक्रार दाखल करावी. ती तुमच्या सहीसाठी अडत नाही. व्ही. किशन राव विरुद्ध निखिल सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत आधी लागतंच असं नाही. ही केस गुंतागुंतीची आहे, मत लागेलच. पण ते नंतर देता येतं.

वाचून झाल्यावर तुम्हाला सांगण्यासारखं काही असेल तर अहवाल प्रतिज्ञापत्रावर द्या. सुरुवातीला तुमची पात्रता आणि अशा केसेसचा अनुभव, मग कोणी काय विचारलं, कोणती पानं पाहिली, कोणती मिळाली नाहीत, वेळांचा तक्ता, मानकं, तुलना, कारण, मर्यादा. प्रत्येक पानावर सही. वकिलांना पाठवलेला प्रत्येक ईमेल उद्या वाचून दाखवला जाऊ शकतो असं धरूनच लिहा. मसुद्यात त्यांनी टायपिंगच्या चुका सुधाराव्यात, निष्कर्षाला हात लावू नये. उलटतपासणीची भीती असेल तर, जे. जे. मर्चंट या २००२ च्या निकालानंतर ग्राहक आयोगांत ती लेखी प्रश्नांवर, कमिशनरपुढे किंवा व्हिडिओवरही होऊ शकते. दर तारखेला रजा टाकावी लागेल असं नाही. तुमच्या व्यावसायिक विम्यात तज्ज्ञ म्हणून केलेलं काम येतं का, हे एजंटला विचारून घ्या.

सर्जन बोलावणं बंद करतील का? एखादा करेल. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. फिरून काम करणाऱ्यांचं पोट फोनवर चालतं. ती कमी करायचा एक मार्ग आहे : दोन्ही बाजूंची कामं घ्या. पुढच्या वेळी एखाद्या भूलतज्ज्ञावर चुकीचा आरोप झाला की त्याच्या वकिलालाही हीच पद्धत, हीच फी, हेच नियम लावून अहवाल द्या. मात्र काही गोष्टी आजपासून टाळा. त्या डॉक्टरांना फोन करून 'माझ्याकडे तुमची फाइल आली आहे' असं सांगू नका, मदत करायच्या भावनेनेही नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव गाळूनही केस टाकू नका. पुण्यात चार ओळींवरून ओळख पटते. आणि पोलिसांत तक्रार झाली असेल तर ते कागद ससूनसारख्या सरकारी रुग्णालयातल्या समितीकडे जातील. त्या समितीच्या मताची वाट बघायची गरज नाही, पण ते आलं असेल तर वाचून त्याचा उल्लेख करा, पटलं नाही तरी.

वकिलांना आजच पाठवता येईल असा मजकूर देतो. तुमच्यासारख्या इतरांनीही तो वापरावा :

"आपण दिलेली फाइल मी अजून पूर्ण वाचलेली नाही. सोबतच्या यादीतील कागद मिळाल्यावर ती वाचून, कागदांवरून काय सांगता येतं आणि काय येत नाही, हे मी लेखी कळवीन. माझं मत कोणाच्या बाजूने येईल हे आज सांगता येणार नाही. ठरावीक शब्द घालण्याचं आश्वासन मी देऊ शकत नाही. फी वेळेवर आधारित असेल आणि निकालाशी तिचा संबंध नसेल. संबंधित भूलतज्ज्ञांशी माझी व्यावसायिक ओळख आहे, आर्थिक संबंध नाही. हे मान्य असल्यास लेखी कळवावे; नसल्यास फाइल परत करण्याची व्यवस्था करते."